गॅझेटिअर एक, रूपं तीन

प्रश्न : ताई, मी कोकणातल्या 'ब' वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. रत्नागिरी-सावंतवाडीचं जुनं गॅझेटिअर आमच्याकडे तीन रूपांत आहे : छापील प्रत, वेगळी विकत घेतलेली सीडी आणि उतरवून घेतलेली पीडीएफ. कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत तिन्ही एकाच नोंदीत ठेवू का? जुन्या नोंदींत शीर्षकापुढे चौकोनी कंसात 'इलेक्ट्रॉनिक रिसोर्स' आहे, ते काढावं का? शिवाय पीडीएफचा दुवा माझ्या टेबलावर उघडतो, वाचकांच्या संगणकावर उघडत नाही.

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण वाचक अडलाय तो तिथेच. ८५६ टॅगच्या (नोंदीतला दुव्याचा क्रमांकित रकाना) 'यू' सबफील्डमध्ये (त्यातला पत्त्याचा उपरकाना) काय भरलंय ते बघा. पैजेवर सांगते, डी ड्राइव्ह, मग फोल्डर, मग फाइलचं नाव असा पत्ता असणार. तो फक्त तुमच्या संगणकाला कळतो. फाइल सर्व्हरवर चढवा (कोहाच्या टूल्समध्ये अपलोडची सोय आहे) आणि एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता तिथे द्या. पहिला इंडिकेटर (टॅगपुढचा खुणेचा आकडा) ४, म्हणजे एचटीटीपीने उघडणारा दुवा. खंड १८८० सालचा असल्यामुळे स्वामित्वहक्काची काळजी नाही. हयात लेखकाची कादंबरी स्कॅन करून अशी चढवायची नाही, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या इंडिकेटरकडे मात्र सगळेच काणाडोळा करतात. नोंद खुद्द पीडीएफची असेल तर तिथे ०. नोंद छापील पुस्तकाची आणि पीडीएफ त्याचंच दुसरं रूप असेल तर १. दुवा नुसत्या मुखपृष्ठाचा किंवा अनुक्रमणिकेचा असेल तर ० किंवा १ नको. हा आकडा चुकला की 'पूर्ण पुस्तक उघडेल' म्हणून वाचक टिचकी मारतो आणि हाती लागतं मुखपृष्ठ.

आता नोंद एक की तीन? काटेकोर पद्धत म्हणते, रूप बदललं की नोंद वेगळी. मोठ्या ग्रंथालयांनी तसंच करावं. तुमच्याकडे तालिकेचं (ग्रंथसूचीच्या नोंदींचं) काम करणारं माणूस एकच, तेही देवघेव सांभाळून. म्हणून माझं मत : छापील प्रत आणि पीडीएफ एका नोंदीत, ८५६ला ४ आणि १. ही सवलत जाणकारांनीही मान्य केलेली आहे. फक्त दोन्हींचा मजकूर आणि पानं जुळतात का ते आधी पडताळा. पीडीएफ नव्याने टंकित केलेली असेल तर पानांचे आकडे जुळत नाहीत, आणि संदर्भ द्यायला आलेला विद्यार्थी फसतो. तसं असेल तर तिची वेगळीच नोंद करा. तीच पीडीएफ आणखी दोन संस्थळांवर सापडली म्हणून नव्या नोंदी नकोत, ८५६ पुन्हा भरा. ई-पुस्तकांसाठी २००९ पासून हाच प्रघात आहे.

सीडीची नोंद वेगळी. तिला स्वतःचा दाखल क्रमांक लागतो, ती कपाटातून द्यावी-घ्यावी लागते. ३०० टॅगमध्ये (बाह्य वर्णन) '१ सीडी-रॉम', आकार १२ सें.मी.; ५३८मध्ये ती चालवायला काय लागतं ते; आणि शीर्षक पडद्यावरून घेतलं की लेबलवरून, ही टीप. सीडीची आणि छापील पुस्तकाची नोंद ७७६ टॅगने एकमेकींना जोडा. सीडी पुस्तकाच्या खिशातून आली असती तर वेगळी नोंद न करता ३००च्या 'ई' सबफील्डमध्ये भागलं असतं.

राहिला चौकोनी कंस. ती एएसीआरटू या नोंदी करण्याच्या जुन्या नियमावलीची खूण. सीडीवर नकाशा असो, एखादा प्रोग्रॅम असो की पुस्तक, सगळ्यांना एकच शिक्का, त्यामुळे त्यातून वाचकाला फारसं काही कळायचं नाही. २०१०ला आरडीए ही नवी नियमावली आली, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती २०१३च्या मार्चअखेरीस लागू केली, आणि शिक्क्याचं काम तीन टॅगांत वाटलं गेलं. तुमच्या सीडीसाठी ३३६मध्ये (आशय) टेक्स्ट, ३३७मध्ये (माध्यम) कॉम्प्युटर, ३३८मध्ये (वाहक) कॉम्प्युटर डिस्क. पीडीएफची वेगळी नोंद केलीत तर ३३८मध्ये ऑनलाइन रिसोर्स. हे तीन भरून झाल्याशिवाय कंस काढू नका, नाहीतर ती सीडी आहे हे यादीत कुणालाच दिसणार नाही. कोहात नोंदी घाऊक दुरुस्त करता येतात. आधी बॅकअप घ्या, चार-पाच नोंदींवर करून बघा, मग बाकीच्या.