फोमचा स्केटबोर्ड: रेझिन ओतण्याआधी हे वाच

मित्रा, आधी रेझिन (फोमवर फायबरग्लासचं कापड चिकटवणारं, वाळून कडक होणारं द्रव) कोणतं आणलंस ते बघ. फायबरच्या कामाचं स्वस्त रेझिन बहुधा पॉलिएस्टर असतं. त्यातलं स्टायरीन हे द्रावक थर्माकोल काय, एक्सपीएस (दाट, कडक फोम) काय, दोन्ही विरघळवतं. माझा पहिला बोर्ड असाच डोळ्यांदेखत खचला, फार वाईट वाटलं होतं. इपॉक्सीच घे. हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव) अंदाजाने नको, डब्यावरचं प्रमाण काट्यावर मोज.

ट्रक (चाकं धरणारे धातूचे जोड) बसतात तिथला फोम कापून सागाचे ठोकळे चिकटव, नाहीतर बोल्ट आवळताच फोम दबेल. फायबरग्लासच्या कापडाचा एक थर लांबीत सरळ, दुसरा ४५ अंशांत तिरका. तिरक्यामुळे बोर्ड पिळवटत नाही. वरच्या बाजूला कापडाची कंजुषी करू नकोस, टाच तिथेच रुतते.

आणि कडक झालेला बोर्ड घासताना मास्क लावच.