खराब पार्ट पास झाला तर?

"मॅडम, माझ्या हातून एखादा खराब पार्ट पास झाला आणि उद्या काही घडलं तर?" माझ्याकडे समुपदेशनाला येणारी, कारखान्यांच्या तपासणी विभागातली मुलं हे फार विचारतात. हा 26 वर्षांचा मुलगा बिडकीनजवळच्या गावचा, वाळूजला विमानाचे सुटे भाग तपासणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

एकच बोअर (पार्टमधलं गोल छिद्र) तो सहा-सहा वेळा मोजायचा. शिफ्ट सुटल्यावर चितेगावपर्यंत येऊन गाडी परत कंपनीकडे वळवायचा. आईने पैठणला नाथांच्या पायावर घालून आणलं होतं. त्यात मला वावगं वाटलं नाही, आईचा जीव तो.

मी आधी त्याला त्याचं कामच सांगायला लावलं. सांगताना तो खुलला. मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात, म्हणून मशिनवरचा गरम नग आधी तपासणीच्या खोलीत निवू द्यायचा. पेनेट्रंट तपासणीला (भेगेत शिरणारा चमकणारा द्रव लावून करतात ती) अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत थांबायचं, मगच अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली भेग चमकते का ते बघायचं. प्रत्येक नगाची नोंद धातूच्या हीट नंबरपासून, म्हणजे तो धातू ज्या घाणात वितळवला त्याच्या क्रमांकापासून.

"सहाव्यांदा मोजल्यावर खात्री वाटते?"

"नाही मॅडम. उलट पहिलं माप काय आलं होतं तेच आठवत नाही."

हे त्याच्या एकट्याचं नाही. पुन्हापुन्हा तपासलं की स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडतो, हे संशोधनातही दिसलंय. अशा चक्राला ओसीडी (नको असताना तेच विचार येणं आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटणं, हा मानसिक आजार) म्हणतात का, हे ठरवायला मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. आमच्यात मात्र एक ठरलं: शंकेला नग क्रमांक आणि कारण असेल तर लगेच सुपरवायझरला सांगायचं. नुसतंच 'काहीतरी राहिलं' वाटलं तर गाडी वळवायची नाही. धडधड होऊ द्यायची, ती आपोआप उतरते. पहिले काही दिवस त्याला फार जड गेले. दोनदा तो चितेगावहून फिरलाच.

दीड महिन्याने त्याच्या हातून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, फरशीवर पडला. त्याने तिथल्या तिथे सांगितलं. मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला (माप बरोबर दाखवतो का ते तपासायला) गेला, त्याने मोजलेला नगांचा लॉट होल्डवर टाकून दुसऱ्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजला.

"त्या रात्री?" मी विचारलं.

"झोपलो की. सांगून टाकलं होतं ना."

घराचं कुलूप मात्र तो अजून तीनदा ओढून बघतो. पुढच्या भेटीत त्यावर बोलायचंय.