आजींच्या पाटल्या हलक्या का निघाल्या?

जुन्या दागिन्यांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं घेते आहे. पहिल्या पत्राने मला दोन रात्री नीट झोपू दिलं नाही, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : माझ्या आजीचं लग्न 1964 च्या वैशाखात चिपळूणला झालं. तिच्या वडिलांनी घातलेल्या आठ तोळ्यांच्या चार पाटल्या ती आजवर हातात वापरत होती. आता मनगट बारीक झालंय, पाटल्या निसटतात. माझा साखरपुडा ठरल्यावर तीच म्हणाली, मोडून तुला हवं ते कर. सराफाकडे नेल्या तर मशीनवर 14 कॅरेट आलं. "तुमच्या आजीला तेव्हा फसवलंय," असं तो तिच्यासमोरच म्हणाला. तेव्हापासून आजी गप्प आहे. "माझ्या बापाने कर्ज काढून घातल्या होत्या," एवढंच बोलते. खरंच फसवलं असेल का? — एक नात, ठाणे

उत्तर : हे उत्तर आधी आजींना मोठ्याने वाचून दाखवा. बाकीचं नंतर.

1964 हे साल वाचलं आणि मला आमची गिरगावातली खोली दिसली. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण होती, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती, म्हणून जानेवारी 1963 मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी. ही अट 1966 मध्ये उठली. (नियंत्रणाचा कायदा मात्र 1968 साली आला आणि 1990 पर्यंत राहिला.) म्हणजे आजी बोहल्यावर चढल्या तेव्हा उघडपणे घडवलेली नवी पाटली 14 कॅरेटचीच असायची. तुमच्या पणजोबांना कोणी फसवलं नाही. त्यांनी कर्ज काढून कायद्यात बसणारं सोनं लेकीच्या हातात घातलं. आणि ज्या कारागिराने ते घडवलं, त्याच्या घरात तेव्हा काय चाललं असेल, ते मला माहीत आहे.

माझे वडील कारागीर होते. मी नऊ वर्षांची. नियम आले आणि कामाची शेगडी थंड पडली. लग्नघरची माणसं यायची, 14 कॅरेट म्हटलं की पायरीवरूनच परत जायची. देशभर हजारो सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. वडील एका खाणावळीचा हिशेब लिहायला जाऊ लागले. मधूनच एखादं काम आलं की रात्री बसायचे. 14 कॅरेटमध्ये तांबं-चांदी चाळीस टक्क्यांच्या थोडं वर, त्यामुळे धातू कडक. ऐरणीवर ठोकताना कडेला भेग जायची. पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. 22 कॅरेटच्या पत्र्याला ते लोण्यासारखे वळवायचे. या धातूबद्दल मात्र म्हणायचे, "हे सोनं हाताशी बोलत नाही." तुमच्या आजींच्या पाटल्यांवर असेच कोणाचे तरी रात्रीचे हात फिरले असतील. त्या माणसाला चोर म्हणू नका.

आता खातरजमा. दुकानातलं मशीन दागिन्याचा वरचा थर वाचतं. आतला धातू आणि झाळलेली जागा त्यात नीट येत नाही. त्यामुळे भारतीय मानक ब्यूरोची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात पाटल्या घेऊन जा. घरगुती ग्राहकाला चार नगांपर्यंत तपासणीचे 200 रुपये आणि वर कर पडतो, आणि लेखी अहवाल मिळतो. तोही 585 च्या (हजारात 585 भाग सोनं, म्हणजे 14 कॅरेट) आसपास आला, तर तो अहवाल आणि लग्नपत्रिका एकाच पाकिटात ठेवा. पुढच्या पिढीला पुन्हा हा घोर नको.

मोडायच्या का? हिशेब पाहा. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे आठ तोळे झाले 93 ग्रॅमच्या थोडं वर. 22 कॅरेट असतं तर त्यात शुद्ध सोनं साधारण 85 ग्रॅम निघालं असतं. 14 कॅरेटमधून 54 ग्रॅम निघेल. त्यातून मोडीची घट जाणार, नव्या दागिन्याची घडणावळ लागणार, वर जीएसटी. हाती येईल ते पाहून जीव हळहळेल. उलट एकदा पाटलीची नक्षी भिंगाखाली बघा. साठ वर्षं रोज वापरूनही कडा धारदार असतील. 22 कॅरेटची पाटली एवढ्या काळात झिजून गुळगुळीत होते. शहरात बसच्या दांड्याला धरून लोंबकळणाऱ्या हाताला हेच कडक सोनं बरं. माझं ऐकाल तर दोन पाटल्या तुम्ही घाला. उरलेल्या दोनमधून थोडा तुकडा काढून, झाळून, आजींच्या मापाच्या करून घ्या. त्यांच्या हातात पुन्हा चढल्या पाहिजेत.

प्रश्न : सदाशिव पेठेतला वाडा सोडून आम्ही हिंजवडीत फ्लॅटमध्ये आलो. सामान आवरताना सासूबाईंच्या सासूबाईंचा तन्मणी सापडला. मोती पिवळसर झालेत, दोरा कुजलाय. एका दुकानात म्हणाले, मोत्यांना काही किंमत नाही, खोडाचं (मधल्या पदकाचं) सोनं तेवढं धरू. विकून टाकावा का? — पुणे

उत्तर : नको. निदान आत्ता नको. आणि त्या दुकानात तर पुन्हा नेऊच नका.

तन्मणी नेमका कधीचा, ते घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 साली मोती पिकवायचं तंत्र साधलं, पण पिकवलेले मोती बाजारात भरपूर आले ते 1920 नंतर. त्याआधी आपल्याकडे दागिन्यात जायचे ते बहुतेक इराणच्या आखातातून येणारे, ज्यांना आपण बसरा मोती म्हणतो. पिवळसर, मलईसारखी झाक हा त्यांचा दोष नाही, तोच त्यांचा रंग. पिकवलेल्या मोत्यांनी भाव पाडले, मग आखातात तेल निघालं आणि बुडी मारणारी माणसं तिकडे वळली. तो माल आता नव्याने फारसा येत नाही. बडोद्याच्या गायकवाडांच्या खजिन्यातली दोन पदरी मोत्यांची माळ 2007 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेली. तुमच्या तन्मण्याचे मोती बारीक आहेत, त्यांना तसा भाव कुठून येणार! मोत्यात वजन दुप्पट झालं की किंमत साधारण चौपट होते, जुने जव्हेरी 'चव' (मोत्याची किंमत ठरवायचं जुनं माप) मोजायचे ते याच हिशेबाने. पण "काही किंमत नाही" हे म्हणणं खोटं आहे.

घरच्या घरी एवढं करता येईल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मोत्याच्या भोकात उजेड पाडा. पिकवलेल्या मोत्याच्या भोकाशी आतला मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये एक रेघ दिसते. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे पापुद्रे आतपर्यंत जातात. दातावर घासून खरखरीत लागला म्हणजे काच नाही एवढंच कळतं, पिकवलेला मोतीही खरखरीतच लागतो. छातीठोक उत्तर क्ष-किरण तपासणीतच मिळतं आणि ती सोय मुंबईतल्या रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळांत आहे. सगळे मोती तपासत बसू नका, मोठे चार-पाच पुरेत.

दोरा बदलायचाच आहे, पण तन्मणी दुकानात ठेवून येऊ नका. आधी प्रत्येक पदरातले मोती मोजून लिहून ठेवा, फोटो काढा, सगळ्याचं वजन करा. मग पटवेकऱ्याकडे समोर बसून गाठवून घ्या. दोन तास जातील. मी एकदा घाईत नथ ठेवून गेले होते. परत आली तेव्हा मधला मोती बदललेला होता आणि माझ्याकडे दाखवायला फोटोही नव्हता. आईची नथ होती ती.

ठेवताना मलमलीच्या फडक्यात ठेवा. घट्ट बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत मोती मरतात. अत्तर, पावडर, केसांचा फवारा सगळं आटोपल्यावर तन्मणी गळ्यात आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी बाहेर.

उद्या विकावाच लागला तर कराचं लक्षात ठेवा. वारशाने आलेला दागिना 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून घराण्यात असेल तर त्या तारखेचं मूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं आणि नफ्यावर दीर्घ मुदतीचा 12.5 टक्के कर लागतो. 2001 च्या मूल्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा दाखला घ्या.

प्रश्न : ताई, मी नगरची, नोकरीसाठी पार्ल्यात पेइंग गेस्ट राहते. मला जुने दागिने फार आवडतात. कोल्हापूरच्या एका बाई आजीची ठुशी विकतायत, 22 कॅरेट, ऐंशी वर्षं जुनी म्हणतात, पावती नाही. पहिल्या पगारवाढीतून घ्यायची आहे. घेऊ का? आणि ठेवू कुठे?

उत्तर : पहिली पगारवाढ आणि ठुशी! बाळ, मला मनापासून आनंद झाला. घे, पण डोळ्यांनी बघून.

दुकानदाराला 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी ओळख क्रमांकाच्या हॉलमार्कशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. बारीकसारीक सवलती सोडल्या तर. घरातली बाई स्वतःचा जुना दागिना विकते तिला ही अट नाही. म्हणून पैसे पाठवून कुरिअरने मागवू नकोस. कोल्हापूरला जा, आईला घेऊन जा, आणि त्या बाईंसोबतच तपासणी केंद्रात जा. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही.

ठुशी उलटी करून बघ. जुन्या दागिन्याची झीज सारखी नसते. मानेच्या मागे जिथे गोफ घासतो तिथले मणी चपटे, समोरचे टपोरे. हल्ली नव्या दागिन्याला जुना रंग देतात, त्यात काळपटपणा सगळ्या खोबणींत एकसारखा बसलेला असतो. कुठेतरी जुनं झाळकाम दिसलं तर घाबरू नकोस, ऐंशी वर्षांत एकदा तरी तुटणारच. आणि वजन विचारताना 'लाखेसकट की लाख सोडून' हे विचारायचंच. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. पूर्ण वजनावर सोन्याचा भाव लावला तर लाखही सोन्याच्या भावाने घेतल्यासारखं होतं.

ठेवण्याबद्दल : पीजीच्या कपाटात नाही, तिथल्या मैत्रिणी कितीही चांगल्या असल्या तरी. आईबरोबर संयुक्त लॉकर घे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेवरची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट असते. तीन हजार भाडं म्हणजे जास्तीत जास्त तीन लाख. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार नाही. मुंबईत 26 जुलै पाहिलेली मी, म्हणून सांगते, तळघरातला लॉकर घेऊ नकोस. बँकेच्या या मर्यादेहून जास्त ऐवज असेल तर वेगळा विमा.

ठुशी लग्नाकार्यात घालायची तर कार्यालयात पोहोचल्यावर घाल, लोकलमध्ये नाही. रस्त्यात कोणी साध्या वेशातला पोलीस म्हणून "पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात ठेवा" म्हणाला, तर काढायचे नाहीत, सरळ जवळच्या दुकानात शिरायचं. दारावर पॉलिश करणारा आला तर कडी काढायची नाही. त्याच्या वाटीतल्या आम्लात सोनं विरघळून जातं, दागिना चकचकीत होऊन परत येतो आणि वजनात भरत नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश घरात असतोच, पण लाखेच्या दागिन्याला तेही जपून, बुडवायचं नाही, आणि गरम पाणी तर मुळीच नाही.

प्रश्न : माझी आई दादरच्या एका पारशी वृद्धेची शुश्रूषा करायची. त्या बाईंनी 1971 साली तिला फुलाचा ब्रोच दिला. मागे नांगराचं चिन्ह, 15 आणि .625 कोरलंय. सराफ म्हणतो 15 कॅरेट असं काही नसतं, खोटं आहे. माझा लंडनला असलेला मुलगा तो मागतोय. — दादर

उत्तर : काका, खोटं मुळीच नाही. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण. इंग्लंडमध्ये 15 कॅरेट (.625 म्हणजे तेच, हजारात 625 भाग सोनं) 1854 पासून होतं आणि 1932 मध्ये बंद झालं, म्हणजे ब्रोच त्याआधीचा. शेजारी एक बारीक अक्षरही असेल, त्यावरून नेमकं वर्ष निघतं. असा नग तोळ्यावर विकायचा नसतो. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अॅस्टागुरूसारखी लिलावघरं दागिन्यांचे लिलाव करतात, किंमत तिथे विचारा.

मुलाला पाठवण्याआधी ते अक्षर नक्की वाचून घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि मग ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. आईला तो कोणी, कधी, कशासाठी दिला हे तुमच्या हातानेच एका कागदावर लिहून पेटीत ठेवा. लिलावात या कागदालाही मोल असतं आणि नातवंडांना त्याहून जास्त.

मला फोटो पाठवाल तेव्हा दागिन्याची मागची बाजू पाठवा, दिवसाच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. पुढची बाजू सगळेच पाठवतात.