वाचकांचे प्रश्न : तोंडं सहा, हात दोन आणि डोक्यात सगळा गोंधळ

प्रश्न : मी अकरावीत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्लिशच्या तासाला फिगर्स ऑफ स्पीच, म्हणजे आपले अलंकार, चालू आहेत आणि सरांनी तीसेक शब्दांची यादी दिलीय. सकाळी व्याख्या पाठ केल्या की संध्याकाळी मेटॉनिमीची व्याख्या सिनेक्डकीला चिकटलेली असते. काही ट्रिक आहे का?

उत्तर : अरे, चिकटणारच. सगळ्या व्याख्या एकाच साच्यातल्या, ‘अमुक ऐवजी तमुक वापरतात तेव्हा’ वगैरे, मग डोकं तरी कशाला धरून ठेवणार? व्याख्या शेवटी कर, आधी प्रत्येक नावासाठी एक वाक्य पकड, आणि तेही आपण रोज बोलतो तसलं. ‘घरात खाणारी तोंडं सहा आणि कमावणारे हात दोन’ हे घे. बोलायचं होतं माणसांबद्दल आणि आपण नुसती तोंडं नि हात मोजले, म्हणजे अंगाचा एक तुकडा उचलून अख्ख्या माणसाच्या जागी ठेवला, ही सिनेक्डकी. इंग्लिशमधलं ‘ऑल हँड्स ऑन डेक’ अगदी हेच, हँड्स म्हणजे जहाजावरची माणसं. आता ‘त्याने दोन ताटं संपवली’. ताट कोणी खात नाही, ताट हा जेवणाचा तुकडाही नाही, ते फक्त जेवणाच्या सोबत असतं, ही मेटॉनिमी. ‘व्हाइट हाउसने नकार दिला’ तसंच, इमारत थोडीच बोलते. एवढंच विचारायचं, हा त्याच गोष्टीचा तुकडा आहे की तिच्या शेजारचं काहीतरी? काही अभ्यासक सिनेक्डकीला मेटॉनिमीचाच एक प्रकार मानतात, त्यामुळे एखादं उदाहरण दोन्हीकडे बसलं तर घाबरू नकोस.

बाकी निम्मी यादी तुला आधीच येते रे. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, पन म्हणजे श्लेष. पण इथेच मराठी माध्यमवाली मुलं जरा बिनधास्त होतात आणि आपटतात, कारण जोड्या तंतोतंत जुळत नाहीत. आपल्याकडे ‘जणू’ आलं की उपमा सोडून उत्प्रेक्षा लिहायची सवय, इंग्लिशमध्ये तो वेगळा कप्पाच नाही, ‘लाइक’ असो की ‘ॲज इफ’, सगळं सिमिलीत जातं. अनुप्रासाचंही तसंच, आपल्याला अक्षर ओळीत कुठेही परत परत आलेलं चालतं, अलिटरेशन मात्र मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीच्या आवाजावर बघतात. आवाजावर हं, स्पेलिंगवर नाही! ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही सी अक्षराने सुरू होतात तरी अलिटरेशन नाही, आणि ‘फोन’ पी अक्षराने सुरू होतो, ‘फॅन’ एफने, तरी आहे. शंका आली तर दोन्ही शब्द देवनागरीत लिहून बघ, लगेच दिसतं. इंग्लिश मीडियमवाल्यांना ही सोय नाही बरं का.

काही नावं तर मुद्दाम फसवायलाच ठेवल्यासारखी आहेत. क्लायमॅक्स म्हणजे इथे गोष्टीचा शेवटचा धमाका नाही, चढत्या क्रमाने रचलेलं वाक्य. अपॉस्ट्रफी म्हणजे ते वर लटकणारं चिन्ह नाही, समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव गोष्टीला घातलेली साद, ‘अरे पावसा, आता तरी थांब’. आणि ऑक्सिमोरॉन, म्हणजे दोन उलट अर्थाचे शब्द एकत्र बांधणं, हा माझा लाडका, कारण ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे धारदार आणि मोरोस म्हणजे मठ्ठ, म्हणजे नावच स्वतःचं उदाहरण. हे एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही.

प्रश्न : मुलीने आयरनीचं उदाहरण म्हणून ‘ऐन सहलीच्या दिवशी पाऊस आला’ असं लिहिलं आणि बाईंनी काट मारली. मला तर बरोबर वाटलं.

उत्तर : बाईंचं बरोबर आहे हो, ते नुसतं नशीब खराब. सहल हवामान खात्याच्या लोकांची असती आणि छत्री एकानेही आणली नसती, तर आयरनी. जे व्हायला हवं त्याच्या नेमकं उलटं घडायला पाहिजे आणि त्या उलटेपणात टोचणारं काहीतरी पाहिजे. ही झाली प्रसंगातली. बोलण्यातली तर आपण रोज करतो, तासभर उशिरा आलेल्याला ‘वा, काय वेळेवर आलात!’ म्हणतो ती. आपली व्याजस्तुती हिच्या बरीच जवळची, वरून कौतुक आणि आतून चिमटा. तिसरी नाटकातली, प्रेक्षकांना माहीत असतं आणि पात्राला नसतं. ग्रीक नाटकातला ईडिपस राजा खुनी शोधायला निघतो आणि खुनी तो स्वतःच असतो, त्याने गुन्हेगाराला दिलेला प्रत्येक शाप ऐकताना आपल्या पोटात गोळा येतो, त्याला मात्र पत्ता नाही.

प्रश्न : फिगर ऑफ स्पीच ओळखली, नाव बरोबर, तरी निम्मेच मार्क. हा अन्याय नाही का?

उत्तर : अन्याय वगैरे काही नाही, तुम्ही निम्मंच लिहिलंत. मार्टिन लूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण घ्या, त्यात ‘आय हॅव अ ड्रीम’ आठ वेळा येतं. ‘इथे अॅनाफोरा आहे, कारण तेच शब्द पुन्हा आलेत’ असं लिहिलं तर ते कुणालाही दिसतं. पुढे बघा ना, तीच सुरुवात आणि दर वेळी नवं चित्र. आधी अख्खा देश, मग जॉर्जियाच्या लाल टेकड्या, मग मिसिसिपी, आणि मग एकदम त्यांची स्वतःची चार लेकरं. देशावरून बोलता बोलता माणूस घरात आला. शब्द तेच राहिल्यामुळे ऐकणाऱ्याला ते देशाचं स्वप्न आणि हे बापाचं स्वप्न एकच वाटायला लागतं. हे दोन ओळीत लिहा, उरलेले मार्क त्याचेच असतात.

प्रश्न : हायपरबोल की हायपर्बली?

उत्तर : हायपर्बली, म्हणजे आपली अतिशयोक्ती. मी भर वर्गात हायपरबोल म्हणालो होतो, अख्खं जग हसलं. (बरं, जग नाही, पहिले दोन बाक.)