सांगलीच्या उन्हाळ्यात घरी वीस-पंचवीस वाईनच्या बाटल्या नीट कशा ठेवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की विश्रामबागेत वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाटल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर उभ्या आहेत आणि हरिपूरला घरचं जुनं हळदीचं पेव (हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा) आहे, तर त्याचं तळघर करता येईल का. आधी पेवाचंच बोलतो, कारण तो विचार सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

पेवात हळद वर्षानुवर्षं टिकते ती गारव्यामुळे नाही. तोंड बंद केल्यावर आत श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही, म्हणून कीड जगत नाही. पेव उघडल्यावर जाणते हमाल बराच वेळ थांबतात आणि मगच आत उतरतात, ते यासाठीच. एका बाटलीसाठी कुणी एकट्यानं आत उतरणं जिवावर बेतू शकतं. शिवाय २००५च्या पुरात तिथल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. २०१९ आणि २०२१ तर सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर आहे.

तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. जमिनीत पुरेसं खोल गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीपाशी स्थिरावतं. फ्रान्समधल्या बर्गंडीत ही सरासरी ११ अंशांच्या आसपास आहे, म्हणून तिथलं साधं दगडी तळघरही वाईनला मानवतं. आपली सरासरी २५-२६ अंश. म्हणजे सांगलीची जमीन स्थिर तापमान देईल, थंड तापमान देणार नाही.

वाईनला लागतं १२ ते १४ अंश तापमान, ६०-७० टक्के आर्द्रता, अंधार आणि हादरे नसलेली जागा. यात सगळ्यात महत्त्वाचं तापमान, आणि त्यातही त्याची रोजची चढउतार. ऊन वाढलं की बाटलीतली वाईन प्रसरण पावते आणि बूच बाहेर ढकलते. रात्री आकुंचन पावते आणि बुचाच्या कडेनं हवा आत ओढली जाते. हे रोज चाललं की वाईन लवकर म्हातारी होते. बूच किंचित वर आलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, पांढऱ्या वाईनला तपकिरी झाक, चवीला शिजवलेल्या फळासारखं काहीतरी, अशा खुणा दिसल्या तर ती बाटली पुढे ठेवू नका. फळीवरच्या बाटल्या आजच तपासा. स्वयंपाकघर, त्यातही गॅसच्या वरची फळी आणि माळा, या घरातल्या सगळ्यात वाईट जागा आहेत.

आता बाटल्यांची विभागणी करा. दुकानात मिळणारी बहुतेक वाईन, विशेषतः पांढरी आणि रोझे (गुलाबी), वर्ष-दोन वर्षांत प्यायलाच बनवलेली असते. ठेवून ती सुधारत नाही. थोड्या वर्षांसाठी ठेवण्याजोग्या असतात त्या दमदार लाल वाईन. अकलूजजवळच्या फ्रातेल्लीची सेट्टे, सुलाची रासा शिराज, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह अशा तुमच्याकडे असतील तर त्या बाजूला काढा. वीस-पंचवीसमध्ये अशा पाच-सहा निघाल्या तरी पुष्कळ.

बाकीच्यांना खर्च नको. घराच्या मधल्या भागातली, पश्चिमेच्या भिंतीला न लागणारी खोली निवडा आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात बाटल्या ठेवा. (हरिपूरच्या घराला जाड भिंतींचं माजघर असेल तर ते तुमच्या फ्लॅटपेक्षा कधीही बरं, फक्त पावसाळ्याआधी बाटल्या वर हलवा.) जाड थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या तर दिवसरात्रीचा चढउतार बराच मंदावतो. खोकं थंडावा तयार करत नाही, पण धक्का कमी करतं. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. पारदर्शक काचेच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, कारण उजेडानं पांढऱ्या वाईनला आणि रोझेला उबट वास येतो. कमाल-किमान नोंदवणारा साधा डिजिटल थर्मामीटर कपाटात ठेवून एप्रिलचा एक आठवडा बघा. कुठला कप्पा चांगला याचा निकाल तोच देईल.

या बाटल्यांसाठी माझा ठाम सल्ला असा: दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हवं तेवढं जमवा, आणि होळीच्या सुमारास उरलेलं मित्रमंडळींबरोबर संपवायला लागा. एप्रिल-मेमध्ये घरात जितक्या कमी बाटल्या, तितकं बरं. आपल्या जिल्ह्यात निर्यातीची द्राक्षं तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला जातात, बेदाणा शीतगृहात जातो. त्याच फळाची वाईन मात्र आपण चाळीस अंशांत उघड्या फळीवर ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या पाच-सहांसाठी छोटा वाईन कूलर घ्या, पण कॉम्प्रेसरचाच. कॉम्प्रेसर नसलेला थर्मोइलेक्ट्रिक कूलर स्वस्त आणि शांत असतो, मात्र तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १०-१५ अंशच खाली जाऊ शकतो. खोली ३५ अंशांवर गेली की त्याचं काम संपलं. १३ अंशांवर लावून ठेवा, मागे हवेला जागा सोडा, व्होल्टेज स्टॅबिलायझर जोडा. दोन-तीन तास वीज गेली तर घाबरू नका, दार मात्र उघडू नका. घरातला नेहमीचा फ्रिज काही आठवड्यांपुरता ठीक आहे. तो ४ अंशांच्या आसपास आणि कोरडा असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने ठेवलं तर बूच सुकतं. पण मे महिन्यात फ्रिज आणि उघडी फळी एवढेच पर्याय असतील, तर फ्रिजच.

पावसाळ्यात लेबलवर बुरशी आली तर ती पुसून टाका, आतल्या वाईनला त्यानं काही होत नाही. उघडलेली बाटली, लाल असली तरी, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना काढलेला नसेल, तर संग्रह वाढवण्याआधी तो काढून घ्या.