शेतात काम करणारी माणसं जागेवर बसून तैलरंगात कशी रंगवायची?

तुम्ही विचारलंय की बाहेर बसून निसर्गचित्रं जमतात, पण शेतात माणसं, जनावरं आली की हात अडतो. ती हलत राहतात, ऊन सरकतं, रंग ओलाच असतो. मग फोटो काढून घरी रंगवावं का?

फोटोचं नंतर बघू. आधी एक दिवस ब्रश न उचलता बांधावर नुसते बसा. कापणी करणारा माणूस वाकतो, मूठभर ताटं धरतो, विळा ओढतो, मूठ बाजूला ठेवतो आणि पुन्हा वाकतो. हुकलेली पोझ थोड्या वेळात परत समोर येते. ऊन मात्र गेलं की त्या दिवसापुरतं गेलंच. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी उजेड, मग जमीन, माणसं सगळ्यात शेवटी.

बोर्ड छोटा घ्या, ८ बाय १० इंच पुष्कळ झाला. त्याला काही दिवस आधी बर्न्ट सिएनाचा (तांबूस-तपकिरी रंगाचा) पातळ हात देऊन वाळवून ठेवा. पांढऱ्या बोर्डावर उन्हातले रंग जोखताच येत नाहीत. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवीत. उन्हात ठेवलेलं चित्र आहे त्यापेक्षा उजळ दिसतं, मग आपण रंग गडद करत जातो आणि घरी आणल्यावर ते काळवंडलेलं वाटतं. माझी कितीतरी स्केचेस अशी वाया गेली आहेत, त्याचं अजून वाईट वाटतं.

पहिल्या वीस मिनिटांत सावल्यांचे मोठे आकार टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मांडून घ्या. त्यानंतर सावल्या कितीही सरकोत, त्यांच्या मागे जायचं नाही. फ्रेंच चित्रकार वालाँसिएन यांनी १८०० सालीच बजावून ठेवलंय की निसर्गातल्या अभ्यासाला जास्तीत जास्त दोन तास द्यावेत, आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास. मला हे अजूनही तंतोतंत पटतं.

आता माणसं. जिथे आकृती येणार तिथला ओला रंग पॅलेट नाइफने खरवडून फडक्याने पुसून घ्या, नाहीतर सदऱ्याचा पांढरा शेताच्या पिवळ्यात मिसळून मळतो. मग वाकलेली पाठ एकाच भरलेल्या फटकाऱ्यात, वरून खाली. त्या पाठीवर ऊन थेट पडतं, म्हणून चित्रातला सगळ्यात उजळ ठिपका बहुतेकदा तिथेच असतो. चेहरा रंगवू नका. एवढ्या अंतरावरून तो दिसतच नाही. हात आणि गुडघा यांच्या मधली त्रिकोणी फट मात्र नीट बघा. तिच्यातून मागचं पिवळं शेत दिसतं, आणि ती फट बरोबर पडली की माणूस वाकल्यासारखा वाटतो. मी पाय काढत बसतच नाही, फटीच रंगवतो.

चरणाऱ्या गाईंसाठी एकाच कागदावर चार-पाच रेखाटनं सुरू ठेवा. गाय वळली की पुढच्या रेखाटनावर जा, पुन्हा तशीच उभी राहिली की मागे या.

फोटोबद्दल: गाडीचं चाक, जू, अवजारं यांच्यासाठी जरूर काढा, पण शक्यतो पेन्सिलने टिपून घ्या, कारण चाक कुठे कसं बसतं हे काढतानाच कळतं. कॉन्स्टेबलसारख्या खेड्यातच वाढलेल्या इंग्रज चित्रकारालाही ‘द हे वेन’ (१८२१) हे गवताच्या गाडीचं चित्र लंडनमध्ये रंगवताना गाडीची रेखाटनं गावाहून मागवावी लागली होती. उजेडासाठी मात्र फोटोवर विसंबू नका. भर उन्हातल्या फोटोत सावल्या काळ्याठिक्कर येतात; प्रत्यक्षात पेंढ्यांच्या सावलीत आभाळाचा निळा-जांभळा असतो आणि शेजारच्या पेंढीचा पिवळाही तिथे उतरलेला असतो.

स्केच झालं की बोर्डाच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये ढगांच्या स्केचेसमागे हेच लिहीत असे. पुढच्या वर्षी कापणीला तुम्ही त्याच बांधावर बसाल, तेव्हा बोर्ड उलटून किती वाजता यायचं ते बघता येईल.