'ए, माझी बाटली आण'

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, आम्ही नाशिकला एकत्र कुटुंबात राहतो. पाहुणे आले की सासूबाई तिला म्हणतात पाया पड, आणि ही माझ्या ओढणीमागे लपते, आग्रह केला की रडायलाच लागते. परवा दसऱ्याला सोनं द्यायला लोक आले होते तेव्हा सासऱ्यांनी तिला मान धरून वाकवलं, तिने एवढा आकांत केला की सगळे गप्प झाले आणि सासूबाई म्हणाल्या, हिला काही वळणच नाही लावलं. शिवाय कामाला येणाऱ्या मावशींना पण ती 'ए, माझी बाटली आण' असं म्हणते. खूप टेन्शन आलंय, काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाया पडत नाही याची मला अजिबात काळजी वाटली नाही, काळजी वाटली ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या बाटलीची.

पाया पडण्याचं आधी उरकते. या वयाची बरीच मुलं परक्या माणसासमोर बुजतात, आणि समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं हेच मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास कळायला लागतं, त्यामुळे 'काकांना काय वाटेल' हे तिला अजून नवीन आहे. मान धरून वाकवलं तर ती एवढंच शिकते की मोठं माणूस छोट्यावर जोर करू शकतं. त्यापेक्षा तुम्ही स्वतः नमस्कार करा, ती शेजारी उभी राहू दे, तिच्या हातात आपट्याची पानं नाहीतर संक्रांतीला तिळगुळाची वाटी द्या आणि वाटायचं काम तिचं. हातात काम असलं की लपायचं बऱ्यापैकी कमी होतं. सासूबाईंना समजवायचं असेल तर वारीची आठवण करून द्या, तिथे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वय बघत नाहीत, म्हातारे आजोबासुद्धा लहान पोराला माउली म्हणून हात जोडतात. सक्तीने होत नाही ते.

आता बाटली. इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगावीच लागेल. आमच्या ओट्याजवळच्या खिडकीत एक कप कायम पालथा असायचा, निळ्या फुलांचा, कानाचा टवका उडालेला. एकदा संध्याकाळी मैत्रिणी आल्या, कप कमी पडले म्हणून मी तो उचलला तर माझी पाच वर्षांची लेक पटकन म्हणाली, "आई तो नको, तो मावशींचा आहे, त्यात आपण पीत नाही." मी तिला हे एका शब्दानेही शिकवलं नव्हतं हो. तिने नुसतं बघितलं होतं, रोज, वर्षानुवर्षं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तो कप टाकला आणि मावशींना आमच्याच कपात चहा दिला, पण खुर्चीवर बसा म्हटलं तर त्याच अवघडल्या, खालीच बसल्या, मग मी पण खाली बसले, खुर्चीवर यायला त्यांना दोनेक महिने तरी लागले.

म्हणून म्हणते, चार दिवस तुमच्या घरात कोण मावशींशी कसं बोलतं ते फक्त ऐका. मावशींना हाक कशी मारली जाते, त्यांना 'तू' म्हणतात की 'तुम्ही', उशीर झाला की आवाज किती चढतो. मुलीचा तो 'ए' बहुतेक तिथूनच आलेला सापडेल, आणि तो घरातल्या मोठ्यांच्या तोंडून गेल्याशिवाय तिच्या तोंडून जाणार नाही. ती तसं म्हणाली की मावशींच्या देखत ओरडू नका, त्यात मावशींनाच जास्त ओशाळल्यासारखं होतं. तिच्या उंचीला खाली बसा, हळूच सांगा, 'मावशी, बाटली देता का' असं विचारायचं, आणि तिच्यासोबत जाऊन तुम्हीच तसं विचारा. खरं तर बाटली तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवा, स्वतःची स्वतः घेऊ दे. मावशी कुठून येतात, त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे तिला माहीत असू दे.

प्रश्न : आम्ही फ्रँकफर्टला असतो. सहा वर्षांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आजोबांना 'तू कुठे गेला होतास' म्हणतो. माझ्या बाबांना फार लागतं ते. शाळेत मात्र टीचरना बरोबर 'झी', म्हणजे जर्मनमधलं 'तुम्ही', म्हणतो!

उत्तर : अहो मग त्याला मान द्यायचं कळतंय की! जर्मनमध्ये घरच्यांना 'डू' आणि टीचरना 'झी', हा फरक त्याने उचललाय. मराठीत 'तुम्ही' म्हणणारं माणूसच त्याच्या आसपास नाहीये, तुम्ही दोघं एकमेकांना तू, त्याला पण तू, मग त्याने ऐकायचं कुठे? आणि नुसता एक शब्द बदलून भागत नाही, सगळं क्रियापद बदलतं, गेला होतासचं गेला होतात, बसचं बसा, देशीलचं द्याल. हे कानावर पडूनच येतं. कॉलच्या मधे टोकू नका प्लीज, तीनदा टोकलं की चौथ्यांदा तो मराठीतून बोलायचाच बंद होईल आणि ते फार मोठं नुकसान आहे. घरी दुकान-दुकान खेळा, तो दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक, 'काका, अर्धा किलो कांदे द्या, किती झाले तुमचे'.

बाबांनाही प्रेमाने सांगा की आपण आईला तू म्हणतो, आजीला तू म्हणतो, विठ्ठलाला सुद्धा तूच म्हणतो, नातवाचा तू त्याच जातीचा आहे. कॉल लागला की आधी तुम्ही बोला, तो मांडीवर असू दे, "बाबा, जेवलात का? औषध घेतलंत का?" आठवडाभर रोज हेच. मग एक दिवस फोन त्याच्या हातात द्या आणि म्हणा, आज जेवणाचं तू विचार.